हातचा एक

पाकीट आलं ते गुरुवारी,
सुपरमार्केटची कुपनं आणि दातांच्या डॉक्टरचं कार्ड
यांच्यामधे दबून.
ईरी, पेनसिल्व्हेनिया. बाहेर गुडघाभर बर्फ.
आत बत्तीस पानं, मुंगीएवढी अक्षरं,
आणि पहिल्याच ओळीत:
आपण या वर्गाचे सदस्य असू शकता.

वर्ग म्हटलं की मला बाकं आठवतात,
खडूची धूळ, हजेरीचा पट.
या वर्गात अकरा हजार नावं,
कुणी कुणाला पाहिलेलं नाही.
मॉनिटर म्हणून कुठल्याशा अग्निशामक दलाचा पेन्शन फंड,
आणि सगळ्यांच्या वतीने बोट वर करणारे वकील,
मॅनहॅटनच्या एकतिसाव्या मजल्यावर.

शेजारच्या लोरेटा पिएत्राशेकलाही तेच पाकीट.
आली पायरीवर बूट झटकत,
बिस्किटांच्या डब्यात नवऱ्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन.
"तू हिशेबात होतीस ना, तूच भर."

हो. मी हिशेबात होते.

कॅझ ओतकामात होता. दर पंधरवड्याला
पगारातून चाळीस डॉलर कापून शेअर घ्यायचा,
आपण ओतलेल्या पंपांवर आपलाच भरवसा नको का, म्हणून.
फॉर्म विचारतो: कधी घेतले, किती, काय भावाने,
कधी विकले.
"विकायचे कशाला?" लोरेटा म्हणते.
तो रकाना मी रिकामा ठेवते.

खाली तारखा. या डिसेंबरपासून त्या मेपर्यंत
ज्यांनी समभाग घेतले, ते सर्व.
त्यातली पहिली तारीख मी ओळखते.
रात्रीचे साडेअकरा, तिमाहीची अखेर,
मिस्टर हॅलोरन खुर्चीमागे उभे, श्वासाला पेपरमिंटचा वास.
"कूमूड, एकशे चाळीस पंप. विकले म्हणून टाक."
खिडकीतून आवार दिसत होतं.
पंप तिथेच, ताडपत्रीखाली, ओळीने,
ताडपत्रीवर ताजा बर्फ.
कुठेच गेले नव्हते. मी विकले.
एका बोटाने.

सत्तावीस वर्षं ताळा जमवणाऱ्या बाईला
कळलं नाही, असं नाही.
लहानपणी बेरीज करताना
हातचा एक मी पेरावर अंगठ्याने दाबून धरायचे,
पुढच्या घरात जाईपर्यंत सांडू नये म्हणून.
त्या रात्रीही धरला.
पुढचं घर आलंच नाही.

सातव्या पानावर वगळलेल्यांची यादी:
संचालक, अधिकारी, त्यांची बायकामुलं,
कंपनीवर ज्यांचा ताबा होता असे कोणीही.
मी बोट ठेवून दोनदा वाचली.
कारकून त्यात नाहीत.
साठ शेअर माझेही आहेत.
म्हणजे कायद्याने मीही फसवली गेलेली.

लोरेटाने सही केली, वळणदार, शाळेत गिरवलेली.
मग चष्मा काढत म्हणाली,
"तुला तेव्हा काही माहीत होतं का गं?"
चहाला उकळी आली होती. मी उठले.
हातचं राखून बोलावं म्हणतात आमच्यात.
मी विचारलं, "साखर किती?"
तिला साखर चालत नाही.
वीस वर्षं माहीत आहे मला.

तडजोड झाली, कुणीही काहीही कबूल न करता.
तिसरा हिस्सा एकतिसाव्या मजल्यावर चढला,
मग छपाई, टपाल, तज्ज्ञांची फी,
उरलं ते अकरा हजारांत, ज्याच्या त्याच्या प्रमाणात.
अडीच वर्षांनी चेक आले.
लोरेटाला दोनशे सहा डॉलर. तिने
बर्फ उपसायचं यंत्र दुरुस्त करून घेतलं,
आणि पहिल्याच सकाळी माझ्याही दारापुढची वाट मोकळी केली,
न विचारता.

माझा तेवीस डॉलर एकसष्ट सेंटचा.
फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.
कोपऱ्यात छापलंय: नव्वद दिवसांनंतर रद्द.
आज एकोणनव्वदावा.
बाहेर तिचं यंत्र घरघरतंय, इकडेच येतंय,
आणि मी दाराशी,
अंगठा अजून पेरावर.