मुलामा

रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट. गाळा सत्तावीस.
घोडबंदरच्या बाविसाव्या मजल्यावरून ते आलं
जुन्या चादरीत गुंडाळून, सोबत चिठ्ठी:
फ्रेंच आहे. धूप जाळायचं. नव्यासारखं करून द्या.

मार्तंडमामानं चादर सोडली.
तीन पाय, खाली बकऱ्याचे खूर,
वर तीन मेंढ्यांची डोकी, शिंगं कानामागून वळलेली,
मधल्या दांडीला वेटोळं घालून चढणारा साप,
जो वाडग्यापर्यंत कधी पोचलेलाच नाही.

"धुपाटणंच की," मामा म्हणाला. "फक्त श्रीमंताघरचं."

मी वाचलेलं सांगितलं:
इटलीत विहीर खणताना राखेखाली गाव लागलं,
अशाच राखेतून निघाल्या काशाच्या तिवया, देवापुढच्या.
त्यांची चित्रं कागदावरून पॅरिसला पोचली,
तिथल्या ओतकाऱ्यांनी
तिवई दिवाणखान्याच्या मापाची केली.
देव काढला, वास ठेवला.

मामा ऐकत होता की नाही, कळेना.
"तीनच का पाय, सांग.
चार असते तर डुगडुगलं असतं.
तीन तिघाडा म्हणणाऱ्यानं
कधी दगडांची चूल मांडलेली नसणार."

झाकण उलटं केलं तर मेणबत्तीचं घर निघालं.
आत काजळीचं एक कडं,
नखानं न निघणारं.

सोनं पाऱ्यात कालवून फासायचे, मी म्हटलं,
मग विस्तवावर धरायचे. पारा उडायचा, सोनं राहायचं.
फासणाऱ्याचे दात पडायचे, हात कापायचे.

मामाचं बोट आपसूक नाकाशी गेलं.
क्रोमच्या टाकीवर एकवीस वर्षं.
नाकातला पडदा गेला,
मागोमाग वास:
आधी मोगऱ्याचा, मग सुकटीचा,
शेवटी घरातल्या गॅसचाही.

त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला.
नवं नाही करणार. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, बस्स.
हा मुलामा कुणाच्या तरी जिवावर चढलाय,
तो मी खरवडणार नाही.
पलीकडून काय म्हणाले, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून
इस्त्रीवाल्या रामधनकडून निखारा आणला,
वर चिमूटभर ऊद.
मेंढ्यांच्या शिंगांमधून धूर निघाला,
पत्र्यापर्यंत गेला,
तिथे ॲसिडच्या वाफेत शिरला.
मामा वाकून बघत राहिला, डोळे बारीक करून.

"कसा आहे गं?
नुसतं चांगला म्हणू नकोस."