दुभाष्याचा जबाब

भरती होती तेव्हा आम्ही बेटावर उतरलो:
कप्तान, कारकून, अठरा शिपाई
आणि मी, दुआर्त, दोन्ही भाषांत उपरा.
कप्तानाने वदवून घेतलं, "घरटी एक कर.
तांदूळ चालेल, ताडतेल चालेल. आधी घरं मोजू द्या."

कान्येरा भात पाखडत होती. मान वर केली नाही.
राणीचं आसन म्हणजे काय, तर पालथं घातलेलं उखळ.
"मोजा," म्हणाली, "पण नीट मोजा."

मग एकेका घरातून तिने बायका बोलावल्या,
गवताचे घागरे, हातात मेलेल्या पोरांचे भाले.
"ही बिनान्ते. हिच्यात हिचा मामेभाऊ राहतो.
दीक्षेआधीच बुडाला, आता हिच्या पायांनी ती पुरी करतोय.
घर कुणाच्या नावावर लिहाल?
त्याच्या लिहिलंत, तर वसुलीला तिकडे जावं लागेल."

कारकुनाचा टाक थांबला. कप्तान माझ्याकडे बघू लागला.
"मेलेला" आणि "राहतो" एका वाक्यात
त्यांच्या भाषेत बसेनात, हे खरं.
पण मी लावला तेवढा वेळ लागावा
इतकं ते अवघड नव्हतं.

अशी एकवीस घरं.
मला तिवरांवरची ओली रेघ दिसत होती,
वीतभर खाली, मग हातभर,
मग उघडी मुळं, मुळांवर कालवं.
तिलाही दिसत होती. एकदाच नजरानजर झाली
आणि तिने सूप दुसऱ्या गुडघ्यावर घेतलं.

दिवस कलला तेव्हा गनबोट गाळात कुशीवर पडलेली,
तोफेचं तोंड आभाळात,
बगळे तिच्या सावलीत खेकडे टिपतायत.
तिवरांतून पुरुष उठले. कुणी ओरडलं नाही.
बायकांनी बंदुका गोळा केल्या,
सरपण गोळा करावं तशा.
रात्री आम्हाला भात वाढला. मीठ जरा जास्त होतं.
पहाटेच्या भरतीला सोडून दिलं.
वहीचं पान कोरं.

लोक इथे हसतात, मला ताडी पाजतात.
मीही पुष्कळदा इथेच थांबलोय.

पुढच्या कोरड्या हंगामात दोन बोटी गेल्या,
अमावास्येला, ऐन उधाणात,
आणि पाणी फिरायच्या आत माघारी आल्या.
एकवीस छपरं. कान्येरा सापडली नाही,
उखळ सापडलं.

कप्तानाच्या टेबलावर त्या बेटाच्या
भरती-सुकतीचा तक्ता होता,
तिथीवार, नेटका.
अक्षर माझं.