तांब्याचा नाल

लोखंड त्यांना चालत नाही, हे आधीच सांगते.
लोखंडाला गंज चढतो, आणि गंज चढला की
घोडा पाण्यात मुरत नाही,
वर तरंगत राहतो, ओशाळल्यासारखा.
म्हणून तांबं.
म्हणून भांडीबाजारातून अपरात्री
पिशवीत लहान ऐरण घेऊन मी गंगेवर जाते.
गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो,
तिनं कधी हरकत घेतली नाही.

पौषात गंगापूर धरणाचं दार उघडतं.
किती क्युसेक सोडले ते पेपरात येतं.
किती घोडे, ते येत नाही.

परवा सतरा होते.
ओझरकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या,
इतकी थंडी, की हातोडा धरलेली बोटं
माझी आहेत का, हे बघून घ्यावं लागत होतं.
होळकर पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली
मी कान लावून बसले.
टप, टप, टप, आणि एक मुकी जागा.
टप, टप, टप, आणि एक मुकी जागा.
लंगडा कुठला ते अंधारातही कळतं.

सब्जा होता. आयाळीतून शेवाळ निथळत होतं.
मागचा डावा खूर त्यानं आपणहून
माझ्या मांडीवर ठेवला,
आणि परकर भिजला तो थेट हाडापर्यंत.
वर बसलेली बाई वाकून म्हणाली,
"येसू ना गं तू? विश्राम तांबटाची?
त्याचा हात हलका होता."
मी म्हटलं, "माझाही आहे. हलू देऊ नका घोडा."

खूर खरवडला. त्यात सिमेंटची कपची.
"तळ बांधून काढल्यापासून असंच," ती म्हणाली,
"पूर्वी एक नाल समुद्रापर्यंत पुरायचा.
आता रामकुंडातच झिजतो."
बिनलगामाची, बिनरिकिबीची बसली होती,
पाणी पाण्यावर बसावं तशी.
पण तिच्या टाचा माझ्या तोंडासमोर होत्या,
आणि त्यांना भेगा होत्या,
रुपया उभा राहील एवढ्या.
पाण्यात राहून भेगा?

मी विचारलं नाही. खिळे मारत गेले.
एक. दोन. तांबं मऊ असतं, राग आवरून मारावं लागतं.
पाच. सहा.
सातवा मी ढिला ठेवते. बापानंच शिकवलं:
"खिळा ढिला, तर गिऱ्हाईक परत."
तिनं खाली हात घालून नेमका तोच चाचपला.
माझ्या पोटात खड्डा.
"राहू दे," ती म्हणाली. "मलाही
परत यायला निमित्त लागतं."

मग मात्र मला राहवलं नाही.
"मला बसू द्याल? एकदाच. टाळकुटेश्वरापर्यंत."
सतराही घोड्यांनी कान टवकारले.
ती हसली नाही.
"चढायला कुठूनही चढ.
उतरायला एकच जागा, राजमहेंद्रीच्या पुढे,
जिथं पाणी खारट लागतं.
तिथं घोडा विरघळतो मांडीखाली,
मीठ विरघळावं तसा.
नवा मिळतो तो इथंच, वरच्या पाण्यात.
म्हणजे परतीला घोडा नाही, येसू.
काठाकाठानं पायी यायचं.
कोपरगावला मला भाकरी देतात,
चिमणा म्हणतात. वेडी समजतात.
बरं आहे ते."

एवढं बोलून तिनं टाचांनी सब्ज्याला डिवचलं.
मजुरी म्हणून ओंजळभर पाणी
माझ्या पिशवीत ओतलं,
आणि कमानीखालून सतरा घोडे असे गेले
की काठावर झोपलेल्या फुलवाल्याची
पाटीसुद्धा हलली नाही.
टप, टप, टप, टप.
पुरे चार. माझं काम चोख.

पिशवीतलं पाणी अजून सांडलेलं नाही.
दुकानात खुंटीला टांगलंय,
गिऱ्हाईक विचारतं, दही बांधलंय का?
मी हो म्हणते.

घरी कुणाला सांगितलेलं नाही,
पण चपला मी दुकानातच ठेवते आताशा.
पहाटे सराफबाजार, मग घाट, मग टाळकुटेश्वर,
रोज थोडं पुढे, अनवाणी.
उजव्या टाचेला पहिली चीर पडली परवा.
बसायचं काय, कुणीही बसेल.
मी आधी परतीचं शिकून घेते.