ऐनवेळचा विषय

सरकारी अर्जात एक रकाना आहे:
मंडळाची भूमिका काय, तीन ओळींत लिहा.
प्रशिक्षण, लिहिलं. दर्जा, लिहिलं.
तिसरी ओळ आठवडाभर कोरी.

तेर्सेइरा बेटावरच्या व्यावसायिक आचाऱ्यांचं मंडळ.
मी चिटणीस. बावीस वर्षं वही माझ्याकडे.
कडांना तेल प्यायलेली वही;
एका पानावर अख्खा अंगठा उमटलाय
लाल मिरचीच्या वाटणाचा,
कोणाचा ते मला माहीत आहे.

सोमवारी बेटावरच्या चुली थंड,
म्हणून सभा सोमवारी,
मासळीबाजाराच्या माडीवर.
खाली बर्फाचं कोठार,
जूनमध्येही पोटऱ्या गारठतात.

हजर एकोणीस. मागचं इतिवृत्त वाचून कायम.
विषय पहिला, लोणी:
गाई आपल्या, कुरणं आपली,
दर मात्र लिस्बनमध्ये ठरतो.
निषेध. एकमताने. नेहमीप्रमाणे.
विषय दुसरा, शिकाऊ पोरांना आठवड्यात दोन सुट्ट्या.
हेर्मीनियो म्हणाला, आम्हाला कोणी दिल्या होत्या?
झुल्मिरा म्हणाली, म्हणूनच.
मंजूर.
विषय तिसरा, भाजल्या हातांचा निधी.
शिल्लक वाचली तेव्हा
सगळ्यांनी आपापले हात टेबलाखाली घेतले.

मग अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय,
आणि देओदातो उभा राहिला.
मासळीबाजाराच्या माडीवर, खिडक्या सताड उघड्या,
आणि तो म्हणाला,
मला वास येत नाही.
फेब्रुवारीतल्या तापापासून.
कांदा नाही, कॉफी नाही,
बोटीचं डिझेल नाही.
बायको उशाशी टेकते तेव्हा
कोणीतरी टेकलंय एवढंच कळतं.
भांड्याच्या आवाजावर शिजवतोय, म्हणाला,
रंगावर. सवयीवर.
आणि खिशातून सभासदाचं कार्ड काढून
टेबलावर ठेवलं, उपडं.

खाली कोणीतरी बर्फ फोडत होतं.

झुल्मिराने घटना उघडली, चष्मा पुसला.
कलम चार, ती म्हणाली,
जो रांधून पोट भरतो तो आचारी.
नाकाबद्दल कलमात काही नाही.
कोणी हसलं नाही.

तेव्हा हेर्मीनियो खाकरला.
आल्कात्रात वाइन तांबडी की पांढरी
यावरून दोघांचा तीस वर्षं अबोला.
त्याने देओदातोकडे पाहिलंही नाही,
खिडकीशी बोलावं तसं म्हणाला,
उद्या दहाला येतो. चमचा माझा आणीन.
बुधवार माझा, कोणीतरी म्हणालं.
गुरुवार. शुक्रवारी आम्ही दोघं.
मी पेन उचललं.
अध्यक्षांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.
वहीत त्या दिवशी माझ्या अक्षरात आहे:
ऐनवेळचे विषय, काही नाहीत.
कार्ड कोणी, कधी सुलटं केलं, मला दिसलं नाही.

पुढे हेर्मीनियोच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली,
मंगळवार माझ्याकडे आला.
दहाच्या ठोक्याला मागच्या दाराने शिरते.
रात्रभर भट्टीत बसलेलं मातीचं भांडं,
खालून बेकन, वरून जमैकी मिरी,
आणि वाइन तांबडीच, हट्टाने.
झाकण निघतं. वाफेत त्याचा चष्मा आंधळा होतो,
तो पुसून घेतो, आणि मग
भांड्याकडे नाही, माझ्याकडे बघतो.
मी चमचा तोंडात धरते.
सांगायच्या आधीच त्याची चिमूट
मिठाकडे गेलेली असते,
किंवा गेलेली नसते.

बंदरात जहाज लागलं की परदेशी माणसं येतात,
पावाने ताट पुसतात,
हाताला चव आहे याच्या, म्हणतात.
खोटं नाही ते.

एकदाच त्याने विचारलं, कसा येतोय वास?
मी तोंड उघडलं. बावीस वर्षं शब्द लिहितेय मी,
एकही सापडला नाही.
चांगला, म्हटलं.
तो म्हणाला, हेर्मीनियोही हेच म्हणायचा, गाढव.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपते.