बाटली भरलेलीच परत येते

सहा दहाची कणकुंबी.
डेपोत धुकं इतकं, की
पाटीवरचं गाव कानडीत लिहिलंय की मराठीत
कुणालाच दिसत नाही.
तेवढ्यापुरती शांतता.

ईरण्णा इंजिन गरम करतो.
मी मशीनमध्ये रोल घालते,
स्टीलची बाटली सीटखाली उभी करते,
लिटरभर, पहाटे उकळून गाळलेलं.
रात्री ती तशीच घरी येते.
लेक उचलून बघते, वजनावरून ओळखते,
बोलत नाही काही. झाडाला ओतते.
आमचा कढीपत्ता तेवढा टवटवीत.

उन्हाळ्यात तहान हाका मारते,
गळ्याशी येऊन भांडते.
थंडीत तिला आवाजच नसतो.
ओठांच्या सालीत बसून राहते,
टाचेच्या भेगेत,
दुपारी कपाळाच्या एका अंगाला,
आणि मी म्हणते, झोप झाली नाही.
किंवा म्हणते, चहा.
चहा मिळतो की. पिरनवाडीला अर्धा, जांबोटीला अर्धा.

खरं कारण निराळं आहे.
या रस्त्याला ईरण्णाला कुठलंही झाड पुरतं.
मला पुरत नाही.
चौदा वर्षांत हिशोब पक्का बसलाय,
किती घोटाला किती किलोमीटर.
तिकिटांचा हिशोब एखादेवेळी चुकेल,
हा नाही चुकत.

मागच्या मार्गशीर्षात खडा निघाला.
डॉक्टर हुक्केरींनी कागदावर काढून दाखवला,
जोंधळ्याच्या दाण्याएवढा.
म्हणाले, "थंडीतच येता तुम्ही सगळ्या.
घाम नाही म्हणून पाणी नाही.
लघवीचा रंग बघत जा."
रंग!
मला हसू आलं.
स्टँडवरच्या त्या खोलीत बल्ब असतो कुठं?

बसभर बायका.
शून्य रुपयाचं तिकीट, शून्य, शून्य,
फाडून देत जाते आणि ओठ बघत जाते.
किणयेची भाजीवाली, स्वेटरवरून पदर, कोपऱ्यात रक्ताची रेघ.
जांबोटीच्या शाळेतली नवी बाई,
मांडीवर बाटली, झाकणाचं सील शाबूत.
"पाणी पी की गं."
"उतरल्यावर, मॅडम."
उतरल्यावर.
आम्हा सगळ्यांचं हे एकच गाव,
आणि तिथं गाडी थांबत नाही.

कणकुंबीला वीस मिनिटं हॉल्ट.
देवळापाशी मलप्रभा उगवते.
नदी म्हणावी असं काही नाही,
कुंडातनं निघालेलं वीतभर पाणी.
पुढं सौंदत्तीला तिला धरण अडवतं म्हणे,
इथं मात्र बिचकत पाऊल टाकते,
जशी काही तिचीही
पुढं कुठं सोय नाही.

मंगळवारी सटूबाई गावकर दारात उभी होती.
हातात तांब्या. वर वाफ, वाफेला चुलीचा वास.
पाण्याचं नाव तिनं नंतर काढलं. आधी म्हणाली,
"परसातल्या संडासाला दार बसवलंय.
कडी आतनं लागते."

मी तिथंच उभ्यानं प्याले.
कोमट पाणी कसं उतरतं
ते विसरूनच गेले होते,
छातीच्या मधोमध एक रेघ,
मग पोटात ऊन पडल्यासारखं.
ईरण्णानं हॉर्न दिला, दोनदा.
"बंदे, बंदे!" मी ओरडले,
आणि अजून अर्धा तांब्या मागितला.

रात्री लेकीनं बाटली उचलली,
हलवून बघितली.
मग माझ्याकडं बघितलं, मग खिडकीतनं झाडाकडं.
"आज त्याला कमी पडणार," म्हणाली.

उद्या ड्यूटी चंदगडची.
तिथं कुणाच्या परसाला दार आहे,
विचारायला हवं.