पत्त्याचा रकाना

सिव्हिलच्या तीन नंबर खिडकीत
मी केसपेपर काढते. एकोणीस वर्षं.
काचेला भोक एवढंच, की हात दिसतो,
तोंड पाहायचं तर वाकावं लागतं.
हातांवरून बरंच कळतं.
नखांत काळ्या रेघा : अंबड, लेथ मशीन,
ह्याला नाव दोनदा विचारावं लागणार, मोठ्यानं.
बोटांच्या बेचक्यात सोललेली कातडी :
दिंडोरीकडची बाग, औषधात घड बुडवायचं काम.
अंगठीवाले हात इथं फारसे येत नाहीत.
त्यांच्यासाठी गंगापूर रोडला सोफा आहे,
वर पाणीही विचारतात.

डॉक्टर विचारतात, कुठं दुखतं.
मी विचारते, कुठं राहता.
खरं सांगू?
अर्धं निदान माझ्याच रकान्यात होऊन जातं.

जिवली भोये मंगळवारी आली.
वय?
"आसंल तिसेक."
पत्ता?
"पेठ फाटा."
फाट्याला कुठं?
"फाट्यावच की."
मागं रांगेनं पाय बदलले.
कॉम्प्युटरला फाटा कळत नाही.
घर नंबर, पिन कोड, दहा आकडी मोबाइल
दिल्याशिवाय तो पुढचं पान उघडत नाही,
आणि पान उघडेपर्यंत
तिचा खोकला सरकारदरबारी सुरूच होत नाही.

मी माझा पत्ता टाकला. सिडको, पवननगर.
माझाच नंबर.
पुण्यबिण्य काही नाही,
दीड वाजत आला होता, खिडकी बंद व्हायची होती.

नवव्या दिवशी माझ्या फोनवर
तिचा टीबी आला.
मी मेथी निवडत होते.

मग रोज सकाळी सातला :
आजची गोळी घेतली का?

एका दुपारी बॅग लावलेला पोरगा फाटकाशी उभा राहून
ओरडला, "जिवली भोये इथंच ना? टीबीच्या?"
कुलथे वहिनी गाडी पुसता पुसता थांबल्या.
दुसऱ्या दिवसापासून दुधाची पिशवी
फाटकालाच अडकवलेली.
संक्रांतीचं बोलावणं आमचं घर चुकवून
पलीकडे गेलं.
सासूबाई म्हणाल्या, अगं सांगून ये,
आपल्यात कुणाला नाही म्हणून.
नाही गेले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
मला साधा खोकलासुद्धा नव्हता.
नुसता पत्ता होता.

रविवारी उजाडायच्या आत पेठ फाटा गाठला.
थंडी अशी की स्कूटीचं हँडल धरवेना.
टायर पेटवून बसलेल्या बाया,
पोत्यात गुंडाळलेली पोरं.
मी थांबले तशा सात-आठ जणी उठून आल्या.
"किती बाया पायजेत, ताई?
बाग कोणची? हजेरी काय देशील?"
मी म्हटलं, जिवली भोये.
हजेरीचं बोलणं थांबलं.
सुरगाण्याला गेली, एक म्हणाली.
दुसरी म्हणाली, कशाची, पिंपळगावला, टेम्पोत बसली ना.
एक म्हातारी विस्तव उकरत होती :
"खोकायची म्हून मुकादमानं गाडीतून उतरवली.
तुजी कोन ती?"

पर्समध्ये फोन वाजला. सात झाले होते.

आमच्याच घरी राहते, म्हटलं.

म्हातारीनं माझ्या हातांकडे पाहिलं.