रविवारचा डोस

डोळखांबच्या लोकांना भिंगारदिवे हे आडनाव
तोंडात मावलं नाही.
त्यांनी मागचं तेवढं ठेवलं : दिवेबाई.
आईने हरकत घेतली नाही.
पगारपत्रकावर पूर्ण, पाड्यावर अर्धं,
चालायचं.

तिच्या प्रार्थनेला सूर नव्हता.
रात्री अकराला, बाबांना कुशीवर वळवून,
त्यांच्या पाठीला पावडर लावून,
ओट्याशेजारच्या फरशीवर गुडघे टेकायची
आणि देवापुढे रजिस्टर म्हणायला घ्यायची, पाठ :
इंदू मुकणे, आठवा महिना, पायांवर सूज.
जनी हिलम, चौथी खेप, एचबी सात,
नवऱ्याला तू समजव, मी सांगून थकले.
शेवटी बाबांचं नाव, डावा हात, डावा पाय.
मला वाटायचं, देवाकडेही
लोहाच्या गोळ्यांचा साठा असणार
आणि तोही महिनाअखेरीस संपत असणार.

जानेवारीतल्या एका रविवारी माझं दृढीकरण होतं.
शहापूरचं आमचं चर्च म्हणजे एक हॉल, सात बाकं,
बिशप वर्षातून एकदा.
फ्रॉक गळ्याला सैल होता.
आई म्हणाली, सकाळी पिन लावून देते.
सकाळी आई नव्हती.
शेजारच्या मावशींनी लावली. टोचली.

रजिस्टरात एक चौकोन कोरा होता.
त्रिगुणी, तिसरा.
वाघ्यांचं घर दिवाळीनंतर दाराला काटे लावून
पडघ्याकडे वीटभट्टीवर गेलेलं,
कुठल्या, ते मुकादमालाच ठाऊक.
आईने चार आइसपॅक भरले,
निळा डबा खांद्याला अडकवला,
पहाटेची एसटी, पुढे पायी.
भट्टीमागून भट्टी विचारत गेली.
एका ठिकाणी कुत्रं अंगावर आलं,
एका ठिकाणी चहा मिळाला.
सहाव्या भट्टीवर सापडलं ते घर.

तोवर बिशपांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.
डोळे मिटायला हवे होते.
मी दाराकडे बघत होते.

ती आली तेव्हा शेवटचं गीत चाललेलं.
पांढरी साडी गुडघ्यापर्यंत लाल.
डबा बाकाखाली सरकवून
उभी राहिली आणि गायली, बेसूर, मोठ्याने.
मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही.
तिने आठही दिवस डब्यात तिळाची चटणी दिली
आणि काय झालं म्हणून विचारलं नाही.

निवृत्तीच्या समारंभात पाळकसाहेब भरून आले.
नव्व्याण्णव मेंढरं मागे ठेवून
ही बाई एकाच्या शोधात गेली, म्हणाले.
टाळ्या. आई शालीत चुळबुळली.
"मेंढरू कशाला म्हणता, पाळकसाहेब,
मुलगी होती. सुक्री वाघे.
सुई टोचली तर रडली नाही.
तेव्हाच माझ्या पोटात धस्स झालं."
मग ती खाली बसली.
सुक्रीचं पुढे काय झालं
ते समारंभात कोणी विचारलं नाही.
मी घरी विचारलं.
ती म्हणाली, चहा ठेव.

आता बाबा नाहीत.
आई माझ्याकडे, कासारवडवलीला, अकराव्या मजल्यावर.
सकाळ-संध्याकाळ फ्रिज उघडून
दुधाच्या पिशव्यांवर हात ठेवून बघते,
गारवा बरोबर आहे ना.
मुलाला ताप आला तर थर्मामीटर शोधेपर्यंत
ती आकडा सांगून मोकळी होते.

परवा रात्री पाणी प्यायला उठले.
ओट्याशेजारी ती, गुडघ्यांखाली उशी,
एवढीच काय ती वयाला दिलेली सवलत.
जुनी नावं चालली होती,
त्यातली निम्मी बहुतेक आज्या झाली असतील.
मी अंधारात थांबले, हातात रिकामा पेला.
इंदू मुकणे.
जनी हिलम.
सुक्री वाघे, हे नाव घेताना जरा थांबली.
मग म्हणाली :
रिबेका, चव्वेचाळीस वर्षं, एचबी नऊ,
विचारलं तर जेवले म्हणते, जेवत नाही,
माझ्यावर अजून थोडी रागावलेली आहे.

आणि पुढचं नाव घेतलं.